निळ्या गाठीची चादर

२ फेब्रुवारी

मुलानं ही डायरी दिली आणि म्हणाला, आई, आता मोठं काम घेतलंयस, रोजचं लिहून ठेवत जा. मोठं काम म्हणजे चौकापलीकडच्या प्रसूतिगृहाच्या चादरी. कालपासून त्या आमच्या लाँड्रीत यायला लागल्या. मुलाला वाटतं मी इथे गठ्ठ्यांचा हिशोब लिहीन. गठ्ठे माझ्या डोक्यात असतात, त्याला डायरी कशाला? इथे मी मला वाटेल ते लिहिणार. दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं, तर कुठेतरी मधे न बोलता माझंही कुणी ऐकून घ्यावं.

घरात आम्ही तिघं. मी, हे आणि सून. हे व्हॅनमधून गठ्ठे आणतात, पोचवतात आणि उरलेला वेळ बॉयलरशी भांडतात. मुलगा परगावी नोकरीला, आठवड्यातून एकदा तोंड दाखवतो. सून गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलते. तिला दुसरा महिना लागलाय. आधीचं पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हापासून आमच्याकडे बाळाचं नाव कुणी मोठ्यानं काढत नाही.

पहिला गठ्ठा सोडला तेव्हा हे दाराबाहेर जाऊन उभे राहिले. चादरींवर रक्त होतं, दुसरं काय असणार? मला काही वाटलं नाही. रक्ताला गार पाणी लागतं, एवढं कळलं की झालं. गार पाण्यात मीठ घालून भिजवायचं, मग चोळायचं, मग मशीनला लावायचं. चुकून गरम पाणी लागलं की रक्त कापडातच शिजतं आणि मग जन्मात निघत नाही. डाग ताजा की जुना हे मी लांबून सांगते. सुनेला मात्र बजावून ठेवलंय, या गठ्ठ्यांना तू हात लावायचा नाहीस.

९ फेब्रुवारी

हे म्हणतात, सगळ्यांच्या चादरी पांढऱ्या, एकमेकांत मिसळल्या तर काय करशील? मिसळतील कशा? कोपऱ्यात खूण असते. प्रसूतिगृहाला लाल टाका, घरच्या चादरींना निळी गाठ. खूण मी स्वतः घालते, मशीनवर नाही, हातानं, बोटाला लागेल अशी जाड. डोळे मिटून चाचपून सांगेन कुणाची चादर आहे.

आमच्या घरी रंगीत चादर नाही. रंगीत चादर म्हणजे डाग झाकायची सोय, असं माझं मत आहे. मी हे सुनेला सांगितलं तर ती हसून म्हणाली, आई, तुमच्या हाताखाली डाग पडायची डागाचीच छाती होत नसेल. लाडीगोडी लावण्यात पोरगी पटाईत आहे.

२० फेब्रुवारी

आज लिहू की नको असं झालंय. पण दुसरं कुणाला सांगणार?

सकाळी अंघोळीच्या वेळी कपड्यावर डाग दिसला. फिकट गुलाबी, नखाएवढा. मी बघतच राहिले. माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली. गेली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, कारण तिनं मला आयुष्यभर छळलं होतं. लग्नकार्य असो, प्रवास असो, बरोबर तेव्हाच हजर. आणि आता ही बया परत आली?

चार वाजता समोरच्या टेलरबाईला सांगितलं. आमची जुनी मैत्री आहे, एकमेकींचं काही लपत नाही. तिनं कात्री खाली ठेवली आणि खो खो हसत सुटली. म्हणाली, अगं, माझ्या चूर्णाचा गुण आहे! ती कुठल्याशा बियांचं चूर्ण करते, स्वतः घेते आणि मलाही दोन महिन्यांपासून देते, गुडघ्यांसाठी म्हणून. त्यानं शरीर आतून ताजं होतं म्हणे. तू परत तरुण झालीस, म्हणाली, आता नवऱ्याला सांभाळ. मी तिला चापट मारली.

पण खरं लिहायचं तर घरी येताना मला जरा बरंच वाटत होतं. छप्पन्नाव्या वर्षी कुणाची परत येते? माझी आली.

७ मार्च

परत आली, आणि या वेळी चांगलीच. दोन दिवस लागून राहिली, ओटीपोटात कळाही जुन्यासारख्याच. सकाळी उठले तर अंथरुणावर डाग. हे नशिबानं बॉयलर पेटवायला गेले होते.

चादर ओढली आणि तशीच दुकानात आणली. घरच्या बादलीत भिजवली असती तर सुनेनं विचारलं असतं, आई, हे काय? काय सांगणार होते? सून पोटुशी आणि सासूला पाळी! लोक तोंडावर पदर धरून हसतील आणि हे तर मला वर्षभर चिडवतील. म्हणून मी ती सरळ प्रसूतिगृहाच्या गठ्ठ्यात घातली. एवढ्या रक्तात माझं ओंजळभर कुणाला दिसणार? त्यांच्याबरोबर भिजली, त्यांच्याबरोबर मशीनला लागली. माझी हुशारी बघून मलाच हसू आलं.

१३ मार्च

हे कपाट उघडून म्हणाले, निळ्या गाठीच्या चादरींत एक कमी दिसते. मी म्हटलं, तुम्हाला कधीपासून चादरी मोजायला यायला लागल्या? पण चादर खरंच नाही. प्रसूतिगृहाच्या गठ्ठ्याबरोबर गेली असणार. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. डोळे मिटून खूण ओळखणारी मी, आणि घरचीच चादर घालवून बसले. जाऊन मागायची कशी? आमच्या चादरींत तुमची घरची का मिसळली, असं कुणी विचारलं तर?

२५ मार्च

माझी सलवार कमरेत सैल झाली. नाडा दोन बोटं आत ओढावा लागतो. टेलरबाई म्हणाली, चूर्ण! तिनं माझे दोन कुडते आतून घेऊन दिले आणि मी आरशात स्वतःला बघून खूश झाले. हेसुद्धा म्हणाले, बारीक झालीस गं. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

फक्त दमायला फार होतं. ओल्या चादरींचा पिळा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी येते. काम वाढलंय, त्याचा हा प्रताप. आणि आता पाळीला काही धरबंध राहिलेला नाही. वाटेल तेव्हा येते, मधल्या दिवसांत पाण्यासारखं काहीतरी जात राहतं, त्याला वास येतो. हा वास मला आवडत नाही. कपड्यांचे सगळे वास मी ओळखते. घामाचा, ओलीचा, आजारी माणसाच्या उशीचा. हा त्यातला नाही.

टेलरबाईला विचारलं, हे बरोबर आहे ना गं? ती म्हणाली, आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे. मग माझ्याकडे न बघता तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. तिला तो ओवता येईना, मी ओवून दिला.

३० मार्च

गठ्ठे पोचवायला आज मीच गेले. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाई जिन्यात भेटल्या. भल्या आहेत. मला लाँड्रीवाल्या मावशी म्हणतात. म्हणाल्या, चादरी इतक्या स्वच्छ येतात की पेशंट विचारतात, नवीन आहेत का. मला मूठभर मांस चढलं.

त्याच वेळी विचारावं असं मनात आलं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण जिन्यात, बगलेत गठ्ठा धरून, अंगावरच्या गोष्टी कशा बोलायच्या? शिवाय तिथे बाकावर सगळ्या कोवळ्या पोरी बसलेल्या. त्यांच्यात मी जाऊन सांगू की मलाही पाळी येते? निळ्या गाठीच्या चादरीचंही विचारायचं राहिलं. तशीच परत आले.

३ एप्रिल

आजचं कसं लिहू?

दुकानामागे एक खाट आहे. जेवण झालं की मी तिच्यावर जरा पाठ टेकते, मी उठले की सून पडते. आज मी उठले, बॉयलरकडे गेले. सून झोपायला आली. थोड्या वेळानं तिची हाक आली. हाक म्हणजे नुसतं "आई." असा आवाज मी एकदाच ऐकलाय, आधीचं गेलं त्या दिवशी.

ती उठून उभी होती, भिंतीला पाठ लावून. खाटेवरच्या चादरीवर डाग. ताजा, रुपयाएवढा. तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला होता आणि दोन्ही हातांनी तिनं पोट धरलं होतं, जसं काही ते खाली पडेल. मला एका क्षणात कळलं की हा माझा आहे. मी आत्ताच तिथून उठले होते आणि मला खाली ओलसर लागत होतं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे धावत आले, त्यांनी तिला व्हॅनमध्ये बसवलं, मी शेजारी बसले, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिच्या कपड्यावर काही नव्हतं, पण ते बघायचं भान कुणाला होतं? सबंध रस्ताभर मी मनात म्हणत होते, आता सांगते, त्या वळणावर सांगते. हे पुढे बसलेले. त्यांच्यादेखत कसं सांगू?

डॉक्टरबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, आत काही दिसत नाही. पण आधीचं गेलंय, तेव्हा विषाची परीक्षा नको, पंधरा दिवस अंथरुणातून उठायचं नाही. मी मान डोलावली. विश्रांतीनं कुणाचं वाईट झालंय? पोरीला एवीतेवी आराम हवाच होता. एकदा राहून गेलं ते राहूनच गेलं.

८ एप्रिल

सून पडून आहे. गल्ल्यावर मीच, मशीनला मीच. रात्री मुलगा तिच्याशी फोनवर बोलतो, ती त्याला म्हणते मी बरी आहे, आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसते.

आज मी तिचे केस विंचरत होते. तिनं हळूच विचारलं, आई, तुम्हाला डागातलं कळतं ना, तो ताजा होता की जुना? डॉक्टरबाई म्हणाल्या, जुना असला तर एवढी काळजी नाही.

सगळी जिंदगी डागांत घालवली मी. अंधारात विचारलं तरी सांगेन. म्हटलं, घाईत नीट बघितलं नाही गं. तिच्या मानेवर माझ्या फणीचा दात लागला, तरी ती हलली नाही. कूस वळायलासुद्धा ती घाबरते.

मी इतकी वाईट आहे का? मला वाटतं मी फक्त लाजते आहे. पण लाज आणि वाईटपणा यांत किती अंतर असतं, ते आज मला नीटसं सांगता येत नाही.

१९ एप्रिल

पंधरा दिवस सरले, ती उद्या उठणार होती. आज पहाटे न्हाणीघरात गेली आणि फरशीवर तिला रक्ताचे थेंब दिसले. मी तिच्या आधी जाऊन आले होते. पाणी टाकलं होतं, पण कोपरा राहिला. माझ्या हातून आजकाल कोपरे राहतात.

डॉक्टरबाईंशी ह्यांचं फोनवर बोलणं झालं. पाचवा लागलाय, आता थांबायचं नाही, उद्या सकाळी भरती करा, गरज वाटली तर गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालू. मुलाला बोलावून घेतलंय. सुनेनं स्वतःच पिशवी भरली, आणि तिच्यात मागच्या वेळचा गाऊनसुद्धा घातला. तो गाऊन मीच धुऊन ठेवला होता.

नसलेल्या रक्तासाठी पोरीला सुई लावणार. माझ्यामुळे.

२० एप्रिल

सांगितलं.

मुलगा यायचा होता, हे व्हॅन काढायला गेले होते. सून खाटेच्या कडेला बसून चप्पल घालत होती. मी दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, म्हणजे मला उठून पळता येणार नाही.

"तो डाग तुझा नव्हता, पोरी. माझा होता."

तिची चप्पल पायात अर्धीच राहिली. "आणि कालचे थेंब?"

"तेही माझेच."

तिनं आधी डोळे मिटले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि रडली. सुटल्यासारखी रडली. मी तिच्या गुडघ्याला हात लावला तर तिनं तो झटकला. "मी श्वास घ्यायला घाबरत होते, आई. तुम्ही रोज माझे केस विंचरत होता."

मीही रडले. म्हटलं, लाज वाटली गं. ह्या वयात परत पाळी आली, कुणाला कसं सांगू? टेलरबाईच्या चूर्णानं आली, तेही सांगून टाकलं. ती चिडलेलीच होती, पण ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुमची तर कधीच गेली होती ना?"

"गेली होती. परत आली."

"परत येते?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. बाहेर ह्यांनी हॉर्न वाजवला. सून उठली, पिशवीतला गाऊन काढून कपाटात ठेवला आणि म्हणाली, तुम्ही चला माझ्याबरोबर, जे आहे ते तिथे सांगा.

२२ एप्रिल

परवाचंच लिहिते, काल लिहवलं नाही.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील आणि मग मी मोकळी होईन. त्यांनी सुनेला तपासलं, हसल्या, म्हणाल्या, हिला काही झालेलं नाही, उद्यापासून घरात हिंडू दे. मी हात जोडून उठले. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"मावशी, तुम्ही बसा. शेवटची पाळी येऊन किती वर्षं झाली होती?"

मी सांगितलं. डाग पहिल्यांदा कधी दिसला, तेही सांगितलं. वासाचं सांगितलं, सैल नाड्याचं सांगितलं. त्या लिहीत नव्हत्या, फक्त ऐकत होत्या. ह्यांना मी बाहेर बसवलं होतं, सून मात्र आतच होती.

"पाळी एकदा पुरती गेली की परत येत नसते. मग जे येतं ते पाळी नसतं, दुसरं काहीतरी असतं. दर वेळी वाईटच असतं असं नाही. पण एक थेंब दिसला तरी त्याच आठवड्यात यायचं असतं."

तुम्ही जिन्यात भेटलात तेव्हाच विचारणार होते, असं मी म्हणाले. त्यावर त्यांचा चेहरा बघवेना.

सोनोग्राफी तिथल्या तिथे केली. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय म्हणाल्या, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आतल्या टेबलावर निजवलं. दिवा लावला. नर्स म्हणाली, हात बाजूला ठेवा, अंग सैल सोडा. हात बाजूला ठेवले तर बोटांना चादरीचा कोपरा लागला. जाड, गोल, दोनदा फिरवून ओढलेली गाठ. लाल टाका हाताला चपटा लागतो. ही निळी गाठ होती. वळून बघितलं नाही, गरज नव्हती. गठ्ठ्यात लपवलेली माझी चादर माझ्याआधी इथे येऊन पोचली होती.

दुखलं. मी गाठ मुठीत धरून ठेवली. उठल्यावर सवयीनं खाली बघितलं, डाग होताच. मी चादर काढायला लागले, तर नर्स म्हणाली, राहू द्या मावशी, लाँड्रीला जाते ती.

१ मे

रिपोर्ट आला. कर्करोग आहे, पिशवीच्या अस्तरात. पिशवी काढावी लागेल. बाहेर किती पसरलाय ते पोट उघडल्यावर कळेल. मी विचारलं, फेब्रुवारीत आले असते तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, ते आता नको, मावशी. म्हणजे काय ते मला कळलं.

ह्यांना सुनेनंच सांगितलं. ते व्हॅन धुवायला गेले आणि धुतलेली व्हॅन परत धुतली. मग आत येऊन म्हणाले, बारीक झालीस म्हणून मी तुझं कौतुक करत होतो. एवढंच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण बोलून दाखवत नाही. फार भीती वाटते, आणि नातवंडाचं तोंड बघायला मिळेल की नाही, हे सोडून दुसरं काही डोक्यात येत नाही.

संध्याकाळी टेलरबाईकडे गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. चूर्णाचा डबा तिच्या मशीनवर आपटला आणि सगळं सांगितलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती खाली बघून म्हणाली, मलाही येतंय, तुझ्याआधीपासून. मला वाटलं, तुला आलं म्हणजे चांगलंच असेल. आणि मला वाटलं होतं, ती हसली म्हणजे चांगलंच असेल. दोघी एकमेकींकडे बघून खूश होत होतो. मी तिला शटर ओढायला लावलं आणि हाताला धरून तश्शीच डॉक्टरबाईंकडे नेऊन बसवलं. त्या बाकावर, पोरींच्यात. कुणी हसलं नाही.

२ मे

आज प्रसूतिगृहाचा गठ्ठा आला. सून हिंडायफिरायला लागलीय, पोट आता दिसतं. मी सांगत होते, लांब राहा, तर तिनं गठ्ठा स्वतः सोडला आणि तपासणीच्या खोलीतल्या, बरेच दिवस साठलेल्या चादरींतून खालची एक ओढून काढली. निळी गाठ. मधोमध माझा डाग, आता काळपट झालेला.

मी म्हटलं, दवाखान्याच्या चादरीला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं?

"ही दवाखान्याची नाही, घरची आहे," ती म्हणाली आणि बादली नळाखाली धरली.

मी विचारलं, गार पाणी घेतलंस ना? ती म्हणाली, गारच आहे, आई. तिनं मीठ टाकलं, चादर बुडवली आणि कडेला पाट घेऊन बसली. पाणी हळूहळू लालसर झालं. मीही तिच्या शेजारी बसले.

"निघेल ना?" तिनं विचारलं.

ती कशाचं विचारत होती ते मला कळलं. डाग किती दिवसांचा आहे हे बघून मी लगेच सांगू शकते. आज माझ्यानं सांगवेना. म्हटलं, भिजू दे अजून.